मोबाइलमधला आहारसल्ला आणि आपलं ताट



वर्धा जिल्ह्यातलं जाम आपल्याला चौरस्त्यामुळे ठाऊक आहे. नागपूरहून येणारा महामार्ग इथून हिंगणघाटमार्गे हैदराबादला जातो. त्याच हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आहे. या संस्थेने २०१७ साली देशाच्या सहा विभागांतून नमुने घेऊन ५२८ खाद्यपदार्थांतील पोषक घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. आज मोबाइलवर कॅलरी मोजून देणारी अ‍ॅप अशाच प्रकारच्या तक्त्यांच्या आधारे हिशेब करतात.

पण तक्त्यात असते ती मुख्यतः कच्ची ज्वारी, कच्ची तूरडाळ, कच्चं मटण. जामच्या एखाद्या घरात शिजलेल्या दालच्यात तेल किती पडलं, ते पातेलं किती जणांत वाटलं गेलं आणि भाभीजानच्या वाट्याला शेवटी काय उरलं, हे तक्ता सांगत नाही. ते विचारून घेते आहारतज्ज्ञ. तेलाचा डबा किती दिवस पुरतो, घरात आधी कोण जेवतं, रात्रपाळी कोणाची असते, असे साधे प्रश्न ती विचारते आणि त्यावरूनच पथ्य ठरवते.

म्हणूनच काही आहारतज्ज्ञ आता दवाखान्यातून आरोग्य-तंत्रज्ञान आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाकडे वळत आहेत. माणसाला यंत्राप्रमाणे वागायला न लावता यंत्र माणसाच्या जगण्याला जुळवून घ्यायचं, हा या संशोधनाचा गाभा. रुग्णाशेजारी बसून त्याचं बोट कुठे अडतं, कोणता शब्द कळत नाही, कोणता सल्ला खिशाला परवडत नाही, हे टिपायचं आणि यंत्राचं उत्तर तपासायचं, असं हे काम.

महाराष्ट्रातलंच उदाहरण पाहा. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली मुंबईत स्थापन केलेली 'अरमान' संस्था 'एम-मित्र' सेवेतून गरोदर महिलांना आणि नवमातांना फोनवर आरोग्याचे ध्वनिमुद्रित संदेश मोफत पाठवते. काही महिला हळूहळू ते ऐकणं सोडून देत. प्रत्येकीला स्वतः फोन करण्याएवढे कार्यकर्ते नव्हते. तेव्हा प्रा. मिलिंद तांबे आणि गूगलच्या संशोधकांनी या आठवड्यात कोणाला फोन करणं जास्त उपयोगी, हे सुचवणारी प्रणाली बनवली. सुमारे २३ हजार महिलांवरच्या चाचणीत ऐकणाऱ्यांची गळती जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाली. इथे यंत्राने फक्त नाव सुचवलं. महिलेशी बोललं माणूसच.

आपल्या घरांसाठी हा प्रश्न रमजानमध्ये तर जिवाशी येतो. मधुमेही अब्बांच्या फोनवर दुपारी एक वाजता 'जेवणाची वेळ झाली' असा संदेश येतो, आणि सहरी-इफ्तारप्रमाणे गोळ्यांच्या वेळा कशा बदलायच्या, याबद्दल मात्र अ‍ॅप गप्प राहतं. रक्तातली साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा सोडावा, असं आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शन आहे. ज्याने सहरीचा दस्तरख्वान कधी पाहिलाच नाही, त्याला ही सूचना अ‍ॅपमध्ये घालणं सुचेलच असं नाही.

तेव्हा अ‍ॅप जरूर वापरा, पण त्याच्या सांगण्यावरून गोळी किंवा इन्सुलिन बदलू नका. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटा. आहारतज्ज्ञाला घरात जे शिजतं ते खरं सांगा.

आणि गृहविज्ञान किंवा आहारशास्त्र शिकणाऱ्या मुलींच्या पालकांना आमची एक विनंती. 'पुढे काय, दवाखान्यातली नोकरीच ना?' असं म्हणून तिला थांबवू नका. डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीची 'सीड' परीक्षा बारावीनंतर तीन वर्षांची पदवी घेतलेल्या कुणालाही देता येते. प्रवेशाच्या अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात, त्या आधी पाहून घ्याव्यात. जिने अम्मीचं स्वयंपाकघर आणि नानीचं पथ्य जवळून पाहिलंय, अशी मुलगी यंत्र बनवणाऱ्यांमध्ये बसली, तर आपलं ताटही त्यांच्या हिशेबात येईल, इन्शाअल्लाह.