पंप अडतो तेव्हा



गेले दोन महिने इथे काही लिहिलं नाही. कारणं नेहमीचीच... गुडघे, पाहुणे आणि आळस. पण परवा एक फोन आला आणि त्यातल्या प्रश्नाचं उत्तर मला फोनवर नीट देता आलं नाही. वर्गात पोरानं प्रश्न विचारला की बाईंनी उत्तर द्यायलाच हवं, ही तीस वर्षांची सवय. म्हणून आज बसलेच लिहायला.

फोन भाचेसुनेचा होता. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला गेल्या दिवाळीत टाइप १ मधुमेह निघाला. दिवसातून चार-चार वेळा टोचणं चाललंय. आता डॉक्टरांनी इन्सुलिन पंपाचा विषय काढला आहे. ती म्हणाली, "मामी, आपल्या सगळ्यांत पंप वापरणाऱ्या तुम्ही एकट्या. खरं सांगा, घ्यावा का? एक जण म्हणतो वरदान आहे, दुसरा म्हणतो सारखा बिघडतो. आम्ही कोणाचं ऐकायचं?"

मी म्हटलं, दोघांचंही. ती गप्प झाली. चुकलंच माझं, असं कोड्यात बोलायला नको होतं. तर आता सविस्तर.

जे नवीन वाचक आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. मला १९९४ साली, बेचाळिसाव्या वर्षी मधुमेह निघाला. दोन वर्षं गोळ्या खाल्ल्या, वजन उतरत गेलं, आणि मग कळलं की हा उशिरा आलेला टाइप १ आहे. म्हणजे इन्सुलिनशिवाय गत्यंतर नाही. पुढची पंचवीस वर्षं सिरिंज आणि पेनवर काढली. २०२० मध्ये एका पहाटे शुगर इतकी खाली गेली की ह्यांनी हाका मारल्या तरी मी उठेना. त्या धसक्यानं लेकीनं २०२१ मध्ये पंप घेऊन दिला. काही लाखांची वस्तू, शिवाय दर महिन्याला काही हजारांचं सामान. मी नको नको म्हणत होते, पण ती कुठली ऐकायला!

पंप म्हणजे काय, तर कमरेला लावायची मोबाइलएवढी डबी. माझ्या पंपाच्या कुपीत ३ मिलिलिटर, म्हणजे ३०० युनिट इन्सुलिन मावतं. तिथून एक बारीक नळी निघते आणि तिच्या टोकाला मऊ प्लास्टिकची कॅन्युला, जी कातडीखाली बसते. डबी दिवसरात्र थेंब थेंब इन्सुलिन सोडत राहते. जेवणाआधी आपण बटण दाबून जास्तीचा डोस घ्यायचा. नळी आणि कॅन्युलाचा सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा.

आता यातली मेख सांगते. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं. पेन वापरणाऱ्याच्या अंगात दिवसभर पुरणाऱ्या इन्सुलिनचा साठा असतो, तसा पंपवाल्याच्या अंगात नसतो. ज्यांच्याकडे नळ रोज येत नाही त्यांना हे पटकन समजेल. आपण ड्रम भरून ठेवतो ना? पंपवाल्याच्या घरी ड्रम नसतो. नळाला येईल ते पाणी. धार बंद झाली की काही तासांत शुगर चढते, रक्तात कीटोन वाढू लागतात, आणि टाइप १ वाल्यासाठी ती जिवावरची गोष्ट होऊ शकते.

माझ्यावर ती वेळ मे २०२४ मध्ये आली. त्या आठवड्यात अकोल्यात पारा ४५ च्या वर होता. उन्हापायी कलेक्टरांनी कलम १४४ लावलं होतं, आठवत असेल तुम्हाला. रात्री रस-पोळीचं जेवण झालं. मोजून वाटीभर रस घेतला, त्याचा डोसही घेतला. साडेदहाला शुगर २१०. म्हटलं, रस आहे, उतरेल.

दोन वाजता पंप ओरडू लागला. इन्सुलिन पुढे जात नाही, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत पडद्यावर. शुगर ३४०. मी उठून सेट बदलला, पंपातूनच वाढीव डोस दिला आणि उशीला टेकून बसले. चार वाजता ३९८. मळमळ सुरू. लघवीची कीटोन पट्टी गडद जांभळी. हे उठले आणि पहिला प्रश्न विचारला, "रस जास्त झाला का गं?"

मदतीच्या नंबरवर फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलानं नम्रपणे विचारलं, "मॅडम, रात को खाने में क्या लिया था?"

मंडळी, मला त्या मळमळीतही संताप आला. नळी तुंबलेली आहे हे यंत्र स्वतः सांगतंय, आणि उलटतपासणी माझ्या वाटीची!

पण खरी गोष्ट पुढेच आहे. पंपावर विसंबायचं नाही, सरळ सुईनं टोचून घ्यावं असं ठरवलं. पाहते तर घरात पेन नाही. पंप आल्यावर मीच मोठ्या मनानं दोन्ही पेनं एका ओळखीच्यांना देऊन टाकली होती. कपाटात जुन्या सिरिंज सापडल्या, लाल टोपणाच्या. फ्रिजमध्ये पंपासाठीची इन्सुलिनची बाटली होती. डॉक्टरांनी पूर्वी लिहून दिलेल्या तक्त्याप्रमाणे ८ युनिट घ्यायचे होते. सिरिंज ८ च्या रेघेपर्यंत भरली, आणि हात थांबला.

आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटवाली आणि १०० युनिटवाली. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. पंपाचं इन्सुलिन १०० चं. ते लाल सिरिंजनं भरलं तर प्रत्येक रेघेला अडीचपट औषध जातं. म्हणजे ८ च्या जागी २०! त्रैराशिकाचं साधं गणित. मी मराठी आणि इतिहास शिकवायचे, पण गणिताचे बदली तास खूप घेतले होते, ते त्या पहाटे कामी आले. हे स्कूटर काढून दवाखान्याजवळच्या मेडिकलमधून केशरी टोपणाची सिरिंज घेऊन आले. सुई टोचली आणि उजाडताच दवाखान्यात दाखल झाले. दोन दिवस सलाइनवर काढले. बदललेल्या सेटची कॅन्युलाही आत वाकलेली निघाली. म्हणजे ज्या वाटेनं मी भरवशानं डोस दिला होता, ती वाटही बंदच होती.

घरी आल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. दीर म्हणाले, फेकून द्या ते खेळणं. लेक म्हणाली, आई, नवीन मॉडेल घेऊ, त्यात सेन्सर असतो, शुगर पाहून तोच कमीजास्त करतो. मी दोघांचंही ऐकलं नाही. सहा आठवडे पंप कपाटात ठेवला आणि पेनवर परत गेले. लेकीला वाटलं, आईनं हार मानली. मला तसं वाटलं नाही. पेननंही मधुमेह उत्तम सांभाळता येतो, पंचवीस वर्षं मी दुसरं काय करत होते? पण त्या सहा आठवड्यांत दोनदा रात्री शुगर घसरली. पंपावर असताना पहाटेचा डोस कमी ठेवता येतो, पेननं एकदा टोचलेलं काही परत काढता येत नाही. म्हणून पंप पुन्हा लावला. यावेळी मात्र डोळे उघडे ठेवून.

एक वही घातली. जून २०२४ ते मे २०२५, वर्षभरात ११ वेळा अडचण आली. ४ वेळा कॅन्युला वाकली, ३ वेळा घामानं चिकटपट्टी सुटली, २ वेळा नळीत हवेचे बुडबुडे, एकदा बॅटरी, आणि एकदा खुद्द यंत्रच बंद पडलं. वर्षात सेट बदलले साधारण १२२. शंभरात ९१ गुण धरा. शाळेत असता तर प्रगतिपुस्तकावर 'उत्तम' लिहिलं असतं! पण गेलेले नऊ गुण नेमके रात्री दोन वाजता जातात, हे प्रगतिपुस्तक सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की पंप अडणार, हे धरूनच तो घ्यायला हवा, द्यायला हवा आणि शिकवायला हवा. मला पंप लावला तेव्हा दोन दिवस बटणं शिकवली. बंद पडला तर काय करायचं, याला चहा पिताना दहा मिनिटं. हे उलटं हवं. पोहायला शिकवणारा आधी जीव कसा वाचवायचा ते शिकवतो. पंप अडल्यावर काय करायचं याचा एक मराठी कागद, मोठ्या अक्षरात, डबीबरोबर का मिळू नये? घेणारे मराठी, घाबरणारे मराठी, आणि सूचना तेवढ्या इंग्रजीत.

दुसरं, 'काय खाल्लं' हा पहिला प्रश्न नको. तो शेवटचा असू द्या. टोरंटोमध्ये ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, तेव्हा ते नीट लागू पडलं नव्हतं. औषध पुरेसं शुद्ध नव्हतं. कॉलिप यांनी ते आणखी शुद्ध केलं आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या डोसानं मुलाची शुगर उतरली. त्या लोकांनी दोष औषधात शोधला, म्हणून आज माझ्यासारख्या जिवंत आहेत. आपण मात्र दोष आधी आमरसात शोधतो! याचा तोटा असा की रुग्ण ओशाळतो आणि पुढच्या वेळी सांगतच नाही. मीसुद्धा नंतरचे दोन बिघाड लेकीपासून लपवले होते. आज इथे वाचून ती रागावणार आहे, हे ठाऊक आहे.

तिसरं, बिघाड फक्त कंपनीला सांगून थांबू नये. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारी नोंदवायला २०१५ पासून आपल्याकडे मटेरिओव्हिजिलन्स हा सरकारी कार्यक्रम आहे, गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे त्याचं काम असतं. रुग्णालाही तिथे कळवता येतं. मला हे तीन वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. नोंदच झाली नाही तर यंत्र सुधारणार कसं?

तर आता भाचेसुनेसाठी.

बाळ, घ्यायचा असेल तर जरूर घ्या. नऊ वर्षांच्या पोराचे टोचण्याचे हाल कमी होतील. सेन्सरवाला घ्या, साधा घ्या, कातडीखालची कॅन्युला सगळ्यांत तीच असते, ती वाकू शकते, हे लक्षात ठेवा. नळी तुंबली तरी आत दाब वाढेपर्यंत यंत्र ओरडत नाही, त्यात तास जाऊ शकतात. कॅन्युला निसटून औषध बाहेर गळत असेल तर ते ओरडतच नाही. म्हणून यंत्र गप्प आहे म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. शुगर तपासत राहा.

शुगर २५० च्या वर गेली आणि कारण कळेना, तर कीटोन तपासा. वाढीव डोस पंपातून नाही, पेननं द्या. मग सेट बदला. यंत्राशी भांडण सगळ्यांत शेवटी. डोस किती, हे डॉक्टरांकडून आजच लिहून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. शाळेच्या दप्तरात पेन, सुया, कीटोन पट्ट्या आणि एक जादा सेट ठेवा, आणि त्याच्या वर्गशिक्षिकेला स्वतः भेटून समजावा. जुनी पेनं कोणाला देऊ नका, कितीही मन मोठं झालं तरी! घरात लाल टोपणाची एकही सिरिंज ठेवू नका. कुपी भरण्याआधी इन्सुलिन फ्रिजबाहेर काढून थोडं कोमट होऊ द्या, बुडबुडे कमी होतात. आणि विकणाऱ्याला आधी विचारा, पंप बंद पडला तर बदली किती दिवसांत देणार. मला नऊ दिवस थांबावं लागलं होतं.

आणि पोराची शुगर चढली तर त्याच्याकडे संशयानं बघू नका गं. आधी नळीकडे बघा.

सध्या माझा पंप कमरेला आहे, पेन पर्समध्ये, वही उशाशी. ह्यांचा पहिला प्रश्नही आता बदललाय. परवा पहाटे पंप वाजला तर झोपेतच म्हणाले, "पेन देऊ का?"

असो. खूप लांबलं. तुमच्यापैकी कोणाच्या घरी पंप असेल तर आपले अनुभव जरूर कळवा, भाचेसून वाचणार आहे.

लोभ आहेच, तो वाढावा.