न मिळालेल्या उत्तरांची वही

काही वर्षांपूर्वी इटियाडोहच्या बाजूने आलेल्या एका विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, माझ्यादेखत, एक प्रश्न विचारला. गाढवी नदीवर धरण होण्यापूर्वी त्या काठावरच्या गावांत ज्या दंडारी होत, त्यांची लिखिते कोठे मिळतील? ग्रंथपालांनी लोकसाहित्याचे कपाट मनापासून धुंडाळले. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांचे लेखन दाखवले. तिला हवे होते ते त्यात नव्हते. ती गेली. त्या दिवसाच्या नोंदीत काय उरले? एक स्वाक्षरी, आणि देवघेव शून्य.

आपली ग्रंथालये काय दिले ते मोजतात. काय मागितले गेले ते मोजत नाहीत. नॅकच्या अहवालातही रोजच्या वापरकर्त्यांची संख्या भरली जाते. काही ठिकाणी संदर्भसेवेची नोंद होते खरी, पण ती रेघा ओढून. ‘झेरॉक्स कोठे?’ याची एक रेघ आणि दंडारीच्या प्रश्नाचीही एकच! अशा बेरजेतून कोणते शहाणपण निघणार?

रंगनाथन यांच्या 1931 सालच्या पंचसूत्रीत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळाला पाहिजे, असे एक सूत्र आहे. ते पाळले जाते की नाही, हे ठरवायचे तर रित्या हाताने परतलेल्याचा हिशेब ठेवायला हवा. नेमका तोच आपण ठेवत नाही.

मनुष्यबळ नाही, हा आक्षेप खोटा नाही. अनेक महाविद्यालयांत ग्रंथपाल एकटाच असतो. म्हणून सगळे प्रश्न नकोत. ज्यांचे उत्तर सापडले नाही तेवढेच लिहावेत: तारीख, कोठे शोधले आणि प्रश्न विचारणाऱ्याच्याच शब्दांत. नाव नको. शब्द मात्र तिचेच हवेत, कारण झाडीपट्टीतली मुलगी ज्या बोलीत विचारते तीही अभ्यासाची सामग्री आहे. (वर दिलेला प्रश्न मी माझ्या प्रमाण मराठीत ‘सुधारून’ दिला आहे. तिचे शब्द मला आठवत नाहीत.)

आज हेच प्रश्न मोबाइलला विचारले जातात. तिथे त्यांची नोंद होते, फक्त ती आपल्या हाती नसते. मराठी विभागाने महिन्यातून एकदा ही वही चाळली, तर प्रबंधांचे विषय तरी जुन्या प्रबंधांवरून उतरवावे लागणार नाहीत. येत्या सत्रात आमच्याकडे दोनशे पानांची एक वही मी स्वतः मेजावर ठेवणार आहे. पहिली नोंद दंडारीची.