बारावी सागरयात्रा

न्हावा-शेवा येथील बंदर 1989 साली सुरू झाले. नवी मुंबईतील व्यापारी घरांना तेव्हापासून समुद्र परका राहिलेला नाही. आज माल जहाजावर चढतो तेव्हा विम्याची पॉलिसी, बँकेची एलसी आणि बिल ऑफ लेडिंग हाती असते. जहाज बुडाले तरी पेढी बुडत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी याच किनारपट्टीवरील कल्याण, सोपारा आणि चौल या बंदरांतून निघणाऱ्या व्यापाऱ्याजवळ यांपैकी काहीही नव्हते. त्याच्या गाठीशी असत ते नावाड्यांचे अनुभव आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या कथा. समुद्र काय देतो आणि काय हिरावून घेतो, हे तो त्या कथांतूनच शिके.

अशी एक कथा श्वेतांबर परंपरेतील सहावे अंग असलेल्या ज्ञाताधर्मकथेत आहे. तिच्या नवव्या अध्ययनाचे नाव ‘माकंदी’. चंपानगरीतील माकंदी सार्थवाहाला जिनपालित आणि जिनरक्षित असे दोन पुत्र होते. दोघांनी लवणसमुद्रातून अकरा वेळा व्यापारी यात्रा केली आणि प्रत्येक वेळी धन घेऊन ते सुखरूप परतले. बाराव्या यात्रेचा विचार त्यांनी मांडला, तेव्हा आईवडिलांनी विरोध केला. घरात सात पिढ्यांना पुरेल एवढे धन असताना हा धोका कशासाठी, असे त्यांचे म्हणणे होते. पुत्रांनी ते मानले नाही.

भर समुद्रात वादळ उठले, जहाज फुटले आणि एका फळीच्या आधाराने दोघे भाऊ रत्नद्वीपाला लागले. तेथील देवी हाती तलवार घेऊन आली. आपल्यासह राहाल तर जगाल, अन्यथा मस्तक उडवीन, असे तिने बजावले. भाऊ तेथे राहिले आणि भोगविलासात रमले. पुढे समुद्राच्या सफाईच्या कामासाठी देवीला दूर जावे लागले. जाताना तिने तीन दिशांच्या वनांत विहार करण्यास मोकळीक दिली, मात्र दक्षिणेच्या वनात विषारी सर्प असल्याचे सांगून तिकडे जाण्यास मनाई केली. कुतूहलाने दोघे तिकडे गेले. तेथे हाडांचे ढीग होते आणि सुळावर चढविलेला एक मनुष्य विव्हळत होता. तो काकंदी नगरीचा घोड्यांचा व्यापारी. त्याचेही जहाज फुटले होते, तोही देवीजवळ राहिला होता आणि एका क्षुल्लक अपराधासाठी त्याची ही गत झाली होती.

सुटकेची वाट त्यानेच दाखविली. पूर्वेच्या वनात शैलक नावाचा अश्वरूपधारी यक्ष राहत असे. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या आणि पौर्णिमा या तिथींना, म्हणजे श्रावकांच्या पर्वतिथींनाच, तो संकटग्रस्तांना साद घाली. त्याने दोघांना पाठीवर घेण्याचे मान्य केले, पण एक अट घातली. देवी मागून येईल, धमकावील, विनवील. जो तिच्याकडे वळून पाहील, त्याला पाठीवरून टाकून दिले जाईल.

देवी आली. धमक्या निष्फळ झाल्या, गोड शब्दही निष्फळ झाले. मग तिने दोघांना एकत्र बोलणे सोडले आणि एकट्या जिनरक्षिताला उद्देशून बोलू लागली. जिनपालिताचे आपल्यावर कधीच प्रेम नव्हते, तुझे मात्र होते, असे ती म्हणाली. जिनरक्षिताचे मन विरघळले, त्याने मागे पाहिले आणि तो खाली घसरला. देवीने तलवारीने त्याचे तुकडे केले. जिनपालित एकटा चंपेला पोहोचला. पुढे भगवान महावीरांचा उपदेश ऐकून त्याने दीक्षा घेतली.

ग्रीक पुराणकथा वाचलेल्या मनुष्याला ही कथा ऐकताना वारंवार ओळखीच्या खुणा भेटतात. होमरच्या नावावर असलेल्या ‘ओडिसी’ महाकाव्यात ओडिसियसचे जहाज फुटते आणि तो कॅलिप्सो या देवतेच्या बेटाला लागतो. ती त्याला सात वर्षे ठेवून घेते, अमरत्वही देऊ करते. तो मात्र किनाऱ्यावर बसून घराच्या आठवणीने रडतो. त्याआधी सायरन या मोहिनींच्या गाण्यापासून वाचण्यासाठी त्याने सोबत्यांच्या कानांत मेण घातलेले असते आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलेले असते. ऑर्फियसची कथा वेगळी आहे. मृत पत्नीला पाताळातून परत आणताना वाटेत मागे पाहू नये, एवढीच अट असते. तो पाहतो आणि तिला कायमचा गमावतो.

हीच माळ महाराष्ट्रातही चित्ररूपाने दिसते. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात पाचव्या शतकातील सिंहल-अवदानाचे भव्य भित्तिचित्र आहे. त्यात जहाज फुटलेले व्यापारी आहेत, त्यांना भुलविणाऱ्या राक्षसी आहेत आणि आकाशमार्गे सुटका करणारा शुभ्र अश्वही आहे. पाली जातकसंग्रहातील वलाहस्स जातकात पाचशे व्यापाऱ्यांची अशीच कथा येते. म्हणजे भारतात ही कथा जैन आणि बौद्ध या दोन्ही परंपरांनी जपली, आणि दोन्हीकडे तिचे नायक व्यापारीच आहेत.

मग कोणी कोणाकडून घेतले? हा प्रश्न निघाला की घरोघरी दोन पक्ष पडतात. एकाच्या मते सर्व काही येथूनच तिकडे गेले, दुसऱ्याच्या मते सर्व काही तिकडूनच आले. दोन पेढ्यांच्या खतावणीत एकाच रकमेची नोंद आढळली, म्हणून त्यांच्यात व्यवहार झाला असे कोणताही मुनीम मानत नाही. तो आधी पावती मागतो. पुराणकथांच्या तौलनिक अभ्यासातही हीच शिस्त लागते. साम्याची कारणे मुख्यतः तीन असतात.

पहिले कारण समान वारसा. ग्रीक झ्यूस, रोमन ज्युपिटर आणि वैदिक द्यौस् ही नावे एकाच प्राचीन भाषाकुलातील आहेत; येथे पावती शब्दांच्या मुळांतच सापडते. दुसरे कारण प्रत्यक्ष संपर्क. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत भडोच, सोपारा, कल्याण आणि चौल ही बंदरे तसेच पैठण आणि तेर या बाजारपेठा नोंदविल्या आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील काही स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत. कोल्हापुरात ब्रह्मपुरी येथे पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवाची लहानशी कांस्यमूर्ती सापडली. ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहे. ओडिसियसला समुद्रात वर्षानुवर्षे भरकटविणारा देव तो हाच. समुद्रापासून इतक्या दूर, पंचगंगेच्या काठी तो पोहोचला तो व्यापाराच्या वाटेनेच. मालाबरोबर मूर्ती येत असेल, तर तांड्यांच्या मुक्कामांवर कथांचीही देवघेव होत असणार, हे मानण्यास जागा आहे.

तिसरे कारण सर्वांत साधे आहे. समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक समाजाची भीती सारखी असते. जहाज फुटेल, अनोळखी किनारा भुलवील, घर दुरावेल, ही चिंता अथेन्सच्या नावाड्याला होती तशीच चंपेच्या व्यापाऱ्यालाही होती. रत्नद्वीप आणि कॅलिप्सोचे बेट यांना जोडणारी निश्चित पावती उपलब्ध नाही. ज्ञाताधर्मकथा आजच्या रूपात वलभीच्या वाचनेत, वीरनिर्वाण संवत 980 च्या सुमारास लिपिबद्ध झाली असे परंपरा सांगते. ‘ओडिसी’ त्याहून कितीतरी आधीची आहे. परंतु लेखनाचा काळ हा कथेच्या जन्माचा काळ नसतो. दोन्हीकडे लेखणीपूर्वी कित्येक पिढ्यांची स्मृती आहे.

जेथे साम्याचा हिशेब थांबतो, तेथे भेदाचा हिशेब सुरू होतो आणि खरी कमाई तेथेच आहे. ओडिसियसला सायरनचे गाणे ऐकायचेही होते आणि वाचायचेही होते, म्हणून त्याने दोर वापरला. शैलकाच्या पाठीवर दोर नव्हता आणि कानांत मेणही नव्हते. देवीचा प्रत्येक शब्द दोघांनाही ऐकू येत होता. तेथे रक्षण करणारा एकच होता, तो म्हणजे स्वतःचा निश्चय. ओडिसियसची यात्रा इथाकाला, पत्नी पेनेलोपीजवळ पोहोचून सफल होते. जिनपालितही घरी पोहोचतो. पण त्याच्या कथेत घर हा अखेरचा किनारा नाही. आगमात या कथेचा उपनय साधूंसाठी सांगितला आहे: दीक्षा घेऊन पुन्हा भोगांची इच्छा करणारा जिनरक्षितासारखा नष्ट होतो.

श्रावकांच्या घरांसाठीही या कथेत बरेच काही शिल्लक राहते. जिनपालित निर्दोष नव्हता. आईवडिलांचा शब्द त्यानेही मोडला होता, रत्नद्वीपावर तोही रमला होता. तो तरला, कारण पहिली चूक कळल्यावर त्याने दुसरी केली नाही. दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. दोघे भाऊ एकत्र होते तोवर देवीचे काही चालले नाही. एकाला वेगळे काढून, तुझी किंमत तुझ्या भावापेक्षा मला अधिक कळते, असे तिने सांगितले तेव्हा बाजी फिरली. भावाभावांच्या किती पेढ्या तोट्याने मोडल्या आणि किती अशा कानाशी बोललेल्या एका वाक्याने मोडल्या, याचा हिशेब जाणत्या माणसांना ठाऊक असतो.

आज घरातील मुले झ्यूस आणि पॉसिडॉन यांच्या कथा पुस्तकांतून, चित्रपटांतून आणि मोबाइलवरील खेळांतून आवडीने शिकतात. त्यांना त्यापासून परावृत्त करण्याचे कारण नाही. ओडिसियसची कथा संपली की त्याच रात्री माकंदीपुत्रांची कथा सांगावी आणि दोन भावांपैकी एकानेच मागे का पाहिले, एवढा एकच प्रश्न मुलांपुढे ठेवावा. उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

आणि मोठ्यांनी स्वतःसाठी त्याही आधीचा प्रश्न राखून ठेवावा. अकरा यात्रा सफल झाल्या होत्या, घर भरलेले होते, आईवडील अडवीत होते. तरीही बारावी यात्रा निघाली, ती नेमकी कोणत्या गरजेपोटी?