शंभर डॉलरचा माऊस आणि आपली काटकसर

मंडळी, "माऊसला शंभर डॉलर? वेड लागलंय का?" हे वाक्य आपल्या पॉटलकला हमखास ऐकू येतं. म्हणणारे गृहस्थ बहुधा नुकतेच पासष्ट इंची टीव्ही घेऊन आलेले असतात. त्यांचं म्हणणं असं, की दहा डॉलरचा माऊससुद्धा पडद्यावरचा बाण हलवतोच की! मला हे म्हणणं मान्य नाही. आणि महागडे माऊस बनवणाऱ्या कंपन्यांचंही सगळं मान्य नाही. तेव्हा आज दोन्ही बाजूंशी भांडण आहे.

आधी घरचं भांडण. खंडेनवमीला आपल्याकडे सुतार करवत आणि रंधा पुजतो, शिंपी मशीनला हार घालतो. ज्याच्यावर पोट चालतं त्याचा मान ठेवायचा, ही आपली रीत. आपल्यापैकी निम्म्याहून अधिक लोकांचं पोट कॉम्प्युटरवर चालतं. दिवसाचे आठ तास हात माऊसवर असतो. टीव्हीवर तो आठ मिनिटंही नसतो. साधा हिशेब करा. शंभर डॉलरचा माऊस पाच वर्षं टिकला, वर्षाला अडीचशे दिवस वापरला, तर दिवसाला पडले आठ सेंट. इथे कॉफीच्या कपावरचं झाकणही तेवढ्यात येत नसेल. अवजारावर खर्च करणं म्हणजे चैन नव्हे. टीव्ही ही चैन आहे, खुशाल करा, पण तिला काटकसर म्हणू नका.

या पैशात मिळतं काय? उदाहरण म्हणून लॉजिटेकचा एमएक्स मास्टर ३एस घेऊ. तो २०२२ मध्ये ९९ डॉलर ९९ सेंटला बाजारात आला. २०२५ मध्ये त्याचा पुढचा अवतार निघाला, पण स्वभाव तोच. त्याचं चाक हळू फिरवलं तर एकेक ओळ सरकते, आणि जोरात फिरवलं तर मोकळं सुटून हजार ओळींची एक्सेल शीट क्षणात तळाला नेतं. अंगठ्यापाशी दुसरं चाक आहे, त्याने शीट आडवी सरकते. एकाच माऊसवर ऑफिसचा लॅपटॉप, घरचा कॉम्प्युटर आणि टॅब्लेट असे तिघे नांदतात. तो काचेच्या डायनिंग टेबलावरही चालतो. आणि त्याची टिकटिक इतकी हळू, की भारतातल्या टीमबरोबर रात्री अकराला मीटिंग चालू असताना शेजारी झोपलेल्या माणसाची झोप मोडत नाही. ज्याचं काम आकड्यांचं, कोडचं किंवा फोटो-व्हिडिओचं आहे, त्याचे पैसे इथेच वसूल होतात. ज्याला फक्त ईमेल वाचून बिलं भरायची आहेत, त्याने दहा डॉलरवरच थांबावं. त्यात कमीपणा काही नाही.

आता दुसरं भांडण. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ८००० डीपीआय लिहिलेलं असतं. म्हणजे हात एक इंच हलला की माऊस आठ हजार ठिपके मोजतो. फोर-के पडदा आडवा ३८४० ठिपक्यांचा. म्हणजे एका इंचात बाण पडदा दोनदा ओलांडणार! असं काम कोण करतं? आकडा मोठा, उपयोग छोटा. दुसरं म्हणजे, महागड्या माऊसने मनगटाचं दुखणं जातं असं कुणी सांगितलं तर भुलू नका. टेबलाची उंची, कोपराचा आधार आणि अधूनमधून उठणं, हे खिशाला फुकट आहे आणि जास्त मोलाचं आहे. तिसरं, या माऊसचा आकार फक्त उजव्या हाताचा. डावखुऱ्याने शंभर डॉलर घेऊन यावं आणि रिकाम्या हाताने परत जावं! त्याला दहा डॉलरचा साधा, दोन्ही बाजूंनी सारखा माऊसच जवळचा.

पण माझा खरा राग मालकीबद्दल आहे. स्वस्त माऊसमध्ये पेन्सिल सेल असतो. संपला की नवा टाका. महागड्यात बॅटरी आत बंद. बॅटरी कधीतरी दमणारच, पण ३एसचे स्क्रू तळाच्या चिकटपट्ट्यांखाली लपवलेले आहेत. २०२३ मध्ये या कंपनीने आयफिक्सिटबरोबर सुटे भाग देण्याचं ठरवलं, हे बरंच झालं. ॲपलचं तर विचारूच नका. मॅजिक माऊसचं चार्जिंगचं भोक २०१५ पासून पोटाखाली. चार्जिंगला लावला की बिचारा उताणा! २०२४ मध्ये भोकाचा प्रकार बदलला, जागा तीच.

बटणं हवी तशी लावायची तर कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि अनेक ऑफिसांच्या लॅपटॉपवर ते टाकायला बंदी असते. त्यावर कडी म्हणजे, जुलै २०२४ मध्ये लॉजिटेकच्या प्रमुख हॅनेके फेबर यांनी एका मुलाखतीत 'कायमचा माऊस' ही कल्पना मांडली. माऊस टिकाऊ, पण त्याच्या सॉफ्टवेअरसाठी बहुधा दरमहा पैसे. ओरड झाल्यावर असा बेत नसल्याचं कंपनीने सांगितलं. अहो, वर्गणी गणपतीची द्यावी, त्याच्या उंदराची नव्हे!

पहिला माऊस आपल्या बे एरियातच, मेन्लो पार्कला, १९६४ च्या सुमारास डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी बनवला. लाकडी ठोकळा, खाली दोन चाकं, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो जगाला दाखवला. माणसाची बुद्धी वाढवणारं साधन बनवायचं, हा एंगलबार्टचा ध्यास होता. पेटंटच्या रॉयल्टीचा पैसा त्यांच्या हाती लागला नाही. तो ठोकळा कुठल्याही सुताराला उघडता आला असता. साठ वर्षांच्या प्रगतीनंतर आपल्याला तो साधा हक्क मागावा लागतो आहे.

तेव्हा मंडळी, काम असेल तर महाग माऊस बिनधास्त घ्या. पण घेण्याआधी दुकानात हात ठेवून बघा, आणि तीन प्रश्न विचारा: बॅटरी बदलता येते का? सॉफ्टवेअरशिवाय कितपत चालतो? माझ्या हाताला बसतो का? तीनांपैकी दोन उत्तरं नकारार्थी आली, तर नोटा खिशातच ठेवा. आपण अवजारासाठी पैसे मोजतो. मोजल्यावर ते अवजार आपलं झालं पाहिजे, एवढंच मागणं आहे.