दूध फाडण्याचा विटाळ

आपल्या घरीं दूध नासलें म्हणजे घरधनीण हळहळते. आणि तें मुद्दाम फाडणें तर वाडवडिलांस अशुभच वाटे. म्हणून आपल्याकडे तूप, खवा, चक्का झाले. पनीर मात्र परप्रांतांतून आलें. हा विटाळ आतां सोडावा, असें आमचें मत आहे.

उत्तर युरोपांतील सामी लोकांचा दाखला घ्या. ते रेनडिअर हें हरीण पाळतात. त्याची मादी फार थोडें दूध देते. पण त्यांत शेंकडा १५ च्या आसपास स्निग्धांश असतो. पूर्वी हे लोक तें वासराच्या पोटांतील रसानें गोठवून चीज करीत, वाळवीत व हिवाळ्यास पुरवीत. विसाव्या शतकांत ही दोहणी बहुतेक बंद पडली. तरी धडा कायम आहे : दुधाचें मोल मापावर नव्हे, दाटपणावर ठरावें.

आमचा गोंदिया जिल्हा भाताचा. गोठ्यांतील बरींच जनावरें तणसावर निभतात. गवळाऊ गाय, नागपुरी म्हैस ह्यांचें दूध थोडें, म्हणून संकरित गाईच्या बादलीपुढें आपण खालीं पाहतों. परंतु संकरित गाईच्या दुधांत स्निग्धांश शेंकडा सुमारें ४, तर म्हशीच्या दुधांत ७ च्या आसपास असतो, हें विसरूं नये.

आतां हिशेब पाहूं. म्हशीच्या सुमारें ५ लिटर दुधाचें १ किलो पनीर होतें. खवाही साधारण तितकाच होतो. १ किलो तुपास मात्र सुमारें १४ लिटर दूध लागतें. पण ताक घरीं राहतें व तूप महिनेन्‌महिने टिकतें. खव्यास बहुतेक पाणी आटवावें लागत असल्यानें सरपण फार जळतें. पनीरास एक उकळी व लिंबाचा रस पुरतो. परंतु थंडाव्यावांचून तें एक दिवसही धड टिकत नाहीं. उरलेलें पाणी नाल्यांत न सोडतां जनावरांस पाजावें.

म्हणून सर्वांनीं एकच वाट धरावी, असें आम्ही म्हणत नाहीं. देवरी, सालेकसा भागांतील दूरच्या गांवांनीं तूप करावें. गोंदिया, तिरोडा, आमगांव ह्यांच्या बाजाराजवळच्या पांच-दहा शेतकऱ्यांनीं मात्र दूध एकत्र करून, बर्फाची सोय पाहून, पनीर करून पाहावें. एकट्यानें केल्यास भांडीं व बर्फ ह्यांचाच खर्च जड होईल.

एक इशारा देणें अवश्य आहे. कायद्यानें पनीरांत ओलावा शेंकडा ६० हून अधिक नसावा व कोरड्या अंशांत निदान निम्मा दुधाचा स्निग्धांश असावा. वनस्पती तेलाचें बनावट पनीर बाजारांत स्वस्त मिळतें. त्याच्याशीं भावांत झगडूं नये, गुणांत झगडावें. दूध फाटलें म्हणून घर बुडत नाहीं. सचोटी फाटली तर पत बुडते.