पवनचक्कीखालचा सरडा

साताऱ्याहून सज्जनगडाच्या वाटेने ठोसेघरचा धबधबा बघायला गेलेली कुटुंबं पुष्कळदा तशीच पुढे चाळकेवाडीच्या पठारावर जातात. गाडीचं दार उघडलं की वारा अंगावर येतो आणि पोरं ओरडत पवनचक्क्यांकडे धावतात. दहा मिनिटं फोटो, एखादं भाजलेलं कणीस, की गाडी परत खाली. त्या पठारावर अजून तासभर थांबायला हवं.

सूर्य, वारा, पाणी हे ऊर्जेचे न संपणारे स्रोत, हे वाक्य मुलं शाळेत पाठ करतात. परीक्षेत त्याचे गुणही मिळतात. पण वाऱ्यातून वीज निघते म्हणजे नेमकं काय होतं, ते वाऱ्यात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

जाताना जत्रेतलं एखादं कागदी भिरभिरं बरोबर घ्यावं. वाऱ्याला आडवं धरलं तर ते गप्प राहतं, तोंड वाऱ्याकडे केलं की भुर्रकन फिरतं. मग मुलाला वर बघायला सांगावं. एका रांगेतल्या पवनचक्क्यांची तोंडं एकाच दिशेला का, हे त्याला हातातल्या भिरभिऱ्यानेच सांगितलेलं असतं. थोड्या मोठ्या मुलांना गणितही सांगता येतं: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर त्यातली शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणूनच पवनचक्क्या खालच्या शिवारात न लावता उघड्या, उंच पठारावर लावल्या.

आता नजर खाली, दगडांकडे. इथे एक सरडा राहतो. विणीच्या हंगामात नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून मिरवतो. २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची नवी जात म्हणून नोंद केली आणि त्याच्या प्रजातीला (genus) चक्क मराठी नाव दिलं, ‘सरडा’! बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी दिसले. खाणारे घटले, म्हणून सरडे वाढले आणि त्यांचं वागणंही बदललं. माणूस जवळ गेला तरी ते लवकर पळेनात.

ही गोष्ट मुलांपासून लपवू नये. ‘स्वच्छ ऊर्जा चांगली’ एवढंच शिकवलं तर मुलं गोंधळत नाहीत हे खरं, पण ती विचारही करत नाहीत. कोळसा जाळण्यापेक्षा वारा शतपटीने बरा, आणि तरीही घारी-ससाण्यांना त्याची झळ बसते, ही दोन्ही वाक्यं दहा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी पेलतात. मोठ्यांना उगाच वाटतं की पेलणार नाहीत.

त्याच सहलीत दुसऱ्या दिवशी कासवरून बामणोलीला उतरावं. तिथे नावेत बसलं की खाली शिवसागर जलाशय, म्हणजे कोयना धरणाने अडवलेलं पाणी. कोयना नदी एरवी कऱ्हाडला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारी. पण जलाशयातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवलं आहे. सह्याद्रीची उंची उतरताना ते पोफळीच्या बाजूला वीज देतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्रात जातं. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. मुलाने पाण्यात हात बुडवून हे ऐकावं, आणि मग नावाड्याला विचारावं की या पाण्याखाली कोणती गावं गेली. विजेसाठी उठलेल्या घरांची आठवण या खोऱ्यात अजून ताजी आहे.

राहिला सूर्य. त्यासाठी शिर्डीला जाणाऱ्यांनी दर्शनानंतर प्रसादालयाकडेही लक्ष द्यावं. २००९ मध्ये तिथे ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या, त्यांवरच्या उन्हाने वाफ तयार करून स्वयंपाक करण्यासाठी. आपल्या ताटातल्या वरण-भाताचा सूर्याशी असा थेट संबंध लागू शकतो, हे मुलाला जेवता जेवता समजतं.

चाळकेवाडीला मात्र दोनदा जावं. एकदा उन्हाळ्यात, सकाळी, गळ्याचा पंखा उघडणारा सरडा शोधायला. दुसऱ्यांदा भर पावसाळ्यात, ऊन दिवसेंदिवस दिसत नाही आणि वारा मात्र जोरात असतो तेव्हा. धुक्यात पाती दिसेनाशी होतात, फक्त त्यांचा घुमणारा आवाज डोक्यावरून जात राहतो. मुलाला तिथे डोळे मिटून तो मोजायला सांगावा.