कवळी आणि कलिया

रविवार म्हणजे आमच्या घरी नान-कलिया. हा नियम पप्पांचा. वाळूजच्या कंपनीत तीस वर्षं शिफ्ट ड्यूटी केली, पण रविवारी डबा घेऊन बुढीलेनला जाणं त्यांनी कधी चुकवलं नाही. म्हणूनच गेल्या हिवाळ्यात ते सलग तीन रविवार ‘‘मला भूक नाहीये, घ्या तुम्ही जेवून’’ म्हणाले, तेव्हा मला वाटलं आईशी काहीतरी बिनसलं असेल. चौथ्या रविवारी त्यांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात रुमाल लागला. आणि रुमालात... कवळी!

म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी चांगले पैसे मोजून बसवलेले दात खिशात, आणि पप्पा आमच्या आधीच किचनमध्ये उभ्या उभ्या पातळ वरण-भात खाऊन मोकळे.

‘‘पप्पा, जेवताना कवळी का काढता?’’
‘‘जेवू राहिलो ना मी? मग झालं तर.’’

विषय क्लोज. पण त्यांच्या पट्ट्याला एक नवीन भोक पडलं होतं, ते मला दिसत होतं.

फ्रेंड्स, आपण पंचविशी-तिशीत असतो तेव्हा आई-बाबांच्या बाबतीत हा सीन कधीतरी येतोच. आपण काय करतो? डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतो, बिल भरतो आणि जबाबदारी संपली म्हणून ऑफिसला पळतो. चष्मा लावला की दिसतं, तशी कवळी लावली की चावता येतं, असं आपल्याला वाटतं. घोळ इथेच आहे!

आधी हे समजून घ्या

आपले दात हाडात रुतलेले असतात. पूर्ण कवळी नुसती हिरडीवर टेकलेली असते. वरची कवळी टाळूला धरून बसते, लाळेच्या पातळ थरामुळे चिकटून राहते. खालचीला तेवढी जागाच नसते, शिवाय जीभ तिला सारखी ढकलत असते. त्यामुळे कवळीनं चावण्याचा जोर स्वतःच्या दातांच्या साधारण चौथ्या हिश्श्याइतकाच असतो, बऱ्याचदा त्याहूनही कमी. तेव्हा ‘‘आता दात आलेत ना, खा की चकली!’’ हा आपला आग्रह टोटली चूक.

सुरुवातीला तोंडाला ती बाहेरची वस्तू वाटते. लाळ जास्त सुटते, जेवण बेचव लागतं, बोलताना ‘स’ घसरतो. नीट चावायची सवय व्हायला सहा-आठ आठवडे सहज जातात. पेपर मोठ्यानं वाचला तर बोलणं लवकर सुधारतं.

पण दुखणं वेगळं. पप्पांच्या खालच्या हिरडीवर चक्क चट्टा पडला होता. ‘‘एवढे पैसे घातलेत तुम्ही, आता तक्रार कशी करायची?’’ म्हणून गडी गप्प! डॉक्टरांनी टोचणारी जागा शोधली, घासली आणि पाच-दहा मिनिटांत काम झालं. नवी कवळी एक-दोनदा अशी अॅडजस्ट करावीच लागते. मात्र घरी कानस फिरवायची नाही. आणि डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी थोडा वेळ कवळी घालायची, म्हणजे टोचणारी जागा नेमकी दिसते.

मेन्यू ठरवा

पहिले काही दिवस वरण-भात, मऊ खिचडी, उपमा, दही-भात. पण मुक्काम तिथेच नको! नुसत्या मऊ भातावर राहिलं तर प्रोटीन आणि भाज्या जेवणातून गायब होतात, आणि पप्पांसारखी शुगर असेल तर डबल टेन्शन. उकडलेलं अंडं, पनीर, पिठलं, घट्ट वरण, मऊ शिजवलेली भाजी, खिमा हे सगळं चालतं. मग पोळी, लहान तुकडे करून. भाकरी तर आपल्याकडे पूर्वीपासून आमटीत किंवा दुधात कुस्करून खातात. शेंगदाणे नकोत, दाण्याचं कूट चालेल. दौलताबादचं सीताफळ मस्त, फक्त बिया काढून. पेरू मात्र जपून, बी कवळीखाली गेली की डोळ्यांत पाणी! चिक्की, कडक तीळगूळ, सुपारी यांना सध्या टाटा.

हाताने तोडा, दोन्हीकडे चावा

आता खरी ट्रिक. समोरच्या दातांनी चावा घेतला की कवळी मागून उचलली जाते. एकाच बाजूनं चावलं की तराजूसारखी दुसरी बाजू वर येते. म्हणून घास छोटा घ्यायचा, तो दोन्हीकडे थोडा थोडा ठेवायचा आणि सावकाश, सरळ वरखाली चावायचं. गरम गोष्टी मात्र सांभाळून. टाळू झाकलेली असल्यानं पदार्थ किती गरम आहे ते पटकन कळत नाही आणि घशाला चटका बसतो.

डॉक्टर हे सांगत होते आणि माझी ट्यूब पेटली. अहो, हा तर नान-कलिया! १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, त्याच्या सैन्याच्या मुदपाकखान्यातून ही डिश आली, असं आपल्या शहरात सांगतात. नान मऊ, हातानं तोडायचा, रश्श्यात बुडवायचा. समोरच्या दातांचं कामच नाही! फक्त मटण हाडावरून आधी सोडवून घ्यायचं.

थोडं मेंटेनन्स

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, ती वाकडी होते. टूथपेस्टनं चरे पडतात, म्हणून मऊ ब्रश आणि साधा साबण. धुताना खाली पाण्यानं भरलेलं टब ठेवा, हातातून सटकली तरी फुटणार नाही. दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजत राहतं, त्यामुळे आज फिट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होणारच. वर्षातून एकदा दाखवून घ्या. खालची कवळी बसतच नसेल तर दोन इम्प्लांटवर अडकवायचा पर्याय डॉक्टरांना विचारा. २००२ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी हाच पहिला पर्याय असावा असं म्हटलं होतं. खर्चाचं टेन्शन असेल तर आपल्या शहरात घाटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा.

आणि एक गोष्ट डॉक्टरांनी नाही, पप्पांनी सांगितली. दुखणं थांबल्यावरही ते आमच्यासोबत बसत नव्हते. खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, ‘‘तुमचं दहा मिनिटांत होतं. मग सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसतात.’’

खरंच होतं ते. डेस्कवर लंच उरकायची सवय आम्ही घरीही आणली होती. आता रविवारी मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि पप्पांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. परवा आम्हाला सव्वा तास लागला. पप्पांनी दोन नान संपवले आणि तिसऱ्याकडे हात नेला, तेव्हा आईच म्हणाली, ‘‘पुरे आता, शुगर आहे तुम्हाला!’’

या रविवारी तुम्हीही जरा हळू जेवा.